लेकीला कोडिंग शिकवायचंय, पण आम्हा दोघांनाही त्यातलं काही येत नाही

तालुक्याच्या गावातून एका आईचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून थोडक्यात सांगते. त्या घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. यजमान एसटीत कंडक्टर आहेत. मुलगी ८ वर्षांची, मराठी शाळेत तिसरीत. तिला चित्रांचा नाद आहे. वडिलांच्या मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये तिने वाढदिवसाचं कार्ड बनवलं आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचं खूप कौतुक झालं. त्याच ग्रुपवर पुण्याच्या चुलतभावाचं ऑनलाइन कोडिंग क्लासचं सर्टिफिकेटही आलं. मग जाऊबाईंनी नंबर दिला, एक मोफत तास झाला, आणि आता क्लासवाल्यांचा रोज फोन येतो. वर्षाचे ६८ हजार, हप्त्याने भरता येतील, पण रविवारपर्यंत कळवलं नाही तर सवलत जाईल. यजमान म्हणतात, आधीच मोबाइल फार झालाय, शिवाय आता एआय सगळं लिहून देतं, मग शिकायचं कशाला? आईचे प्रश्न असे आहेत: क्लास लावू का? लॅपटॉप घेऊ का? नाही लावला तर लेक मागे पडेल का? तिला इंग्रजी येत नाही. आणि शेवटी त्या लिहितात, "आम्ही दोघं बारावीपर्यंत शिकलेले. आम्हालाच यातलं काही येत नाही, तर घरात तिला दाखवणार कोण?"

प्रिय ताई,

तुमचं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं देणारच आहे, पण आधी त्या वाक्याकडे वळू द्या. मी वीस-बावीस वर्षं शाळेत संगणक शिकवला आणि माझं मत असं आहे की तुमच्या लेकीला लागणारं निम्मं शिक्षण तुमच्या शिलाई मशीनजवळ आणि तुमच्या यजमानांच्या तिकिटाच्या पिशवीत आहे. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. सविस्तर सांगते.

गिऱ्हाइकाचं माप घेतल्यावर तुम्ही काय करता? छातीच्या मापाचा चौथा भाग, त्यात शिलाईसाठी दीड इंच. माप ३६ असेल तर साडेदहा, ४० असेल तर साडेअकरा. रीत एकच, माप बदललं की कापड बदलतं. प्रोग्राम, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहिणारे याच गोष्टीला व्हेरिएबल म्हणतात: एक रिकामी जागा ठेवायची, तिच्यात आज ३६ घालायचे, उद्या ४०, आणि पुढचं सगळं आपोआप बदलतं. तुम्ही ते रोज दहादा करता.

आणि मुंढा नीट बसला नाही तर? तुम्ही ब्लाउज फेकून देत नाही. कुठे ओढतोय ते बघता, तेवढीच शिलाई उसवता, पाव इंच सोडता, पुन्हा घालता. मी शाळेत ज्या मुलांना शिकवलं त्यांच्यातली हुशार म्हणवली जाणारी कितीतरी मुलं इथेच अडायची. प्रोग्राम चालला नाही की सगळा पुसून पहिल्यापासून सुरुवात, नाहीतर रडू. चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे हे शांतपणे शोधायचं आणि तेवढीच दुरुस्त करायची, हे या कामातलं सगळ्यात मोठं कसब आहे. शिवणाऱ्या बाईला उसवायची लाज वाटत नसते. हे तुमच्या लेकीने तुमच्याकडूनच उचलायचं आहे, आणि ती ते रोज बघतेच आहे.

मग मशीनशेजारी बसवून तिच्याकडून बाहुलीचा झगा करून घ्या. कापड नको, जुना पेपर घ्या. टेपने बाहुलीचं छातीचं माप तिनेच घ्यायचं, समजा २० सेंटिमीटर आलं. चौथा भाग ५, शिलाईसाठी १, म्हणजे ६. ही रीत तिला वहीत तिच्या शब्दांत लिहू द्या. मग म्हणा, आता तुझी वही वाचून मी कापणार, तू बोलायचं नाहीस. वहीत जे लिहिलंय तेवढंच करा. "इथून गोल काप" असं लिहिलं असेल तर विचारा, इथून म्हणजे कुठून? केवढं गोल? ती चिडेल, मग खोडून पुन्हा लिहील. नंतर मोठी बाहुली आणा, २८ सेंटिमीटरची. त्याच वहीवरून तिचा झगा झाला पाहिजे. झाला, तर तुमच्या लेकीने पहिला प्रोग्राम लिहिला असं समजा. वीजसुद्धा लागली नाही.

असं संगणकाशिवाय शिकवणं ही माझ्या मनची गोष्ट नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे कितीतरी खेळ तयार केले, ते जगभर वापरले जातात. आपल्याकडेही एसीएम इंडिया या संगणक क्षेत्रातल्या लोकांच्या संस्थेने २०१६ पासून सीएसपाठशाला नावाचा उपक्रम चालवला आहे. त्याचा भर आधी विचार, मग यंत्र यावरच आहे. शाळेतल्या बाईंना हे नाव सांगून ठेवा.

आता यजमानांकडे वळते. त्यांचा विरोध मला पटणारा आहे, त्याबद्दल पुढे लिहितेच. पण त्यांना एक विचारा: आजचं हाफ तिकीट कुणाकुणाला? ते धडाधड सांगतील. ५ वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही, १२ वर्षांपर्यंत अर्धं, महिलांना अर्धं, ६५ च्या पुढे अर्धं, ७५ पूर्ण झालेल्यांना काहीच नाही. ७५ वाल्यांची सवलत ऑगस्ट २०२२ मध्ये आली, महिलांची मार्च २०२३ मध्ये. कंडक्टर लोकांनी नियम पाठ केले आणि हातातल्या तिकीट मशीनलाही ते शिकवावे लागले. मशीनला शिकवायचं म्हणजे असं लिहायचं: जर वय ५ पेक्षा कमी, तर शून्य. नाहीतर जर वय १२ पर्यंत, तर अर्धं. नाहीतर जर महिला, तर अर्धं. नाहीतर जर वय ६५ किंवा जास्त, तर अर्धं. नाहीतर जर वय ७५ किंवा जास्त, तर शून्य. यातलं काहीच नसेल तर पूर्ण.

हे एका कागदावर लिहून बापलेकींनी खेळायचं. लेक कंडक्टर, बाबा प्रवासी. बाबा म्हणतील, "८० वर्षांचा म्हातारा आहे, एक द्या." ती कागदावर वरून खाली बोट फिरवत येईल. ५ पेक्षा कमी? नाही. १२ पर्यंत? नाही. महिला? नाही. ६५ किंवा जास्त? हो! मग अर्धं तिकीट. आणि आजोबांकडून नको तेवढे पैसे घेतले गेले! मग बाबा ७६ वर्षांची आजी होतील. तिला तर महिलांचा नियम आधीच पकडेल. नियम सगळे बरोबर आहेत, एकही शब्द चुकलेला नाही, फक्त क्रम चुकला. ७५ चा नियम उचलून वर नेला की दोघांची तिकिटं ठीक होतात. ८ वर्षांच्या मुलीला ही चूक आपणहून सापडते तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. पगारी इंजिनिअरसुद्धा अशाच चुकांमागे दिवस घालवतात. आणि तिच्या बाबांएवढा चांगला परीक्षक तिला मिळणार नाही, कारण कुठला प्रवासी कुठे अडतो हे त्यांनी गाडीत उभं राहून पाहिलंय.

तेव्हा "घरात दाखवणार कोण" याचं माझं उत्तर तुम्ही दोघं, असं आहे. पडद्यावरची बटणं तुम्हाला माहीत नाहीत, एवढीच उणीव आहे, आणि बटणं ती तुमच्याआधी शिकेल. तिला घरात शिक्षक नसला तरी चालेल. "हे कसं केलंस, मला दाखव" असं मनापासून विचारणारं कुणीतरी मात्र हवं.

आता "मागे पडेल का" हा प्रश्न. कुणाच्या मागे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा कोडिंगचे उपक्रम सहावीच्या पुढच्या टप्प्यावर ठेवलेले आहेत. मुलांना कोडिंग शिकवायला खूप वापरलं जाणारं स्क्रॅच हे साधन अमेरिकेतल्या एमआयटीच्या मिडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने बनवलं, २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं, आणि ते ८ ते १६ वयाच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे. म्हणजे तुमची लेक आत्ता कुठे उंबरठ्यावर आली आहे. गाडी सुटलेली नाही.

ही गाडी सुटल्याची भीती विकली जाते, ताई. २०२० च्या टाळेबंदीत लहान मुलांच्या कोडिंगच्या जाहिराती इतक्या बेताल झाल्या होत्या की जाहिरात मानक परिषदेला काही जाहिराती मागे घ्यायला सांगावं लागलं. रोज येणाऱ्या फोनवरचा तो मुलगा किंवा मुलगी वाईट नसते, त्यांनाही महिन्याचं टार्गेट असतं. पण "रविवारपर्यंत" हा शब्द तुमच्या लेकीच्या शिक्षणातून आलेला नाही, तो त्यांच्या टार्गेटमधून आला आहे.

माझ्या जवळच्या नात्यातल्या एका मुलाने वर्षभर असाच क्लास केला. सर्टिफिकेट आलं, फोटोसकट. सुट्टीत तो माझ्याकडे आला तेव्हा त्याने बनवलेला गेम मी कौतुकाने उघडायला लावला. फुगे वर जातात, टिचकी मारली की फुटतात. छान होता. मी म्हटलं, फुग्यांऐवजी कैऱ्या कर ना, आणि वर जाण्याऐवजी झाडावरून खाली पडू देत. तो गप्प झाला. बराच वेळ पडद्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "हे आम्हाला शिकवलं नाही." खाली पाडण्यासाठी एका आकड्यापुढे उणे चिन्ह टाकायचं होतं. वर्षभर सर आपल्या पडद्यावर दाखवत होते आणि तो तिथे तिथे टिचक्या मारत होता. त्या मुलात काही कमी नव्हतं, नंतर दोन दुपारी बसून त्याने स्वतःच कैऱ्या पाडल्या, वर टोपलीही केली. मला दुःख झालं ते त्याच्या त्या गप्प होण्याचं. शिकताना त्याला हे समजलं होतं की दाखवल्याशिवाय हात लावायचा नसतो.

म्हणून चुलतभावाचं सर्टिफिकेट बघून मन लहान करून घेऊ नका, आणि त्याला नावंही ठेवू नका. त्याचा क्लास कदाचित फार चांगला असेल. सगळे क्लास वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पुढे कधी लावायचा झाला तर एवढं बघा: एका तासाला तुम्हाला मागे बसू देतात का, दहा मुलांचे दहा गेम निरनिराळे दिसतात की एकाच साच्यातले, आणि पैसे महिन्याच्या महिन्याला घेतात का. हप्त्यांबद्दल विशेष सांगते. "बिनव्याजी हप्ता" हा पुष्कळदा एखाद्या फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. क्लास मध्येच सोडला तरी कर्ज सुटत नाही, खात्यातून पैसे जातच राहतात. ८ वर्षांच्या मुलीच्या छंदासाठी घरात कर्ज आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय पैसे गुंतले की आईबाप मुलीला विचारत राहतात, काय शिकलीस, एवढे पैसे भरलेत. छंदाची तिथेच शाळा होते.

आता पडद्याकडे येऊ. तिला कार्ड करायला आवडलं आहे, तर सुरुवात डिझाइननेच करा. पण ॲपमधलं तयार कार्ड घेऊन त्यात नाव बदलणं आणि स्वतः कार्ड रचणं यात फरक आहे. तो तिला समजावून सांगत बसू नका. तिला एक खरं काम द्या: तुमच्या भिंतीवर लावायचं दरपत्रक. साधा ब्लाउज, अस्तराचा ब्लाउज, फॉल-पिको, साडीला गोंडे, जे काही तुम्ही करता ते. तुम्ही गिऱ्हाईक, ती कारागीर.

पहिल्या वेळी ती त्यात सात रंग, फुलं, फुलपाखरं, चमचमणाऱ्या चांदण्या घालेल, आणि दर कुठेतरी कोपऱ्यात बारीक. हसू नका, रागावूही नका. भिंतीला लावा आणि तिला दारात उभं करा. "मी आत्ता आले, मला अस्तराचा ब्लाउज शिवायचा आहे. किती पडतील?" तिला वाचता येणार नाही. बास, पुढचं तिचं ती करेल. बायका आधी काय विचारतात, कुठून बघतात, चष्मा विसरून आलेल्या मावशींना काय दिसतं, हे प्रश्न म्हणजेच डिझाइन. रंग त्याच्या नंतर येतात. दुसऱ्या खेपेला मोबाइल न देता आधी कागदाचे तुकडे द्या, प्रत्येकावर एक ओळ. ते जमिनीवर सरकवून मांडू देत. जमलं की मग पडद्यावर.

मराठी अक्षरांकडेही तिचं लक्ष वेधा. आपल्या लिपीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळी इंग्रजीइतक्या जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. काही ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात, "ब्लाउज"मधला ब मोडून पाय वेगळा दिसतो. तो दिसला की तिला विचारा, काय चुकलंय? आपल्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं दिसलेलं मंगल हे अक्षरवळण र. कृ. जोशी यांनी घडवलं आहे, आणि मुंबईच्या एक टाइप या गटाचं मुक्त हे सुंदर वळण कुणालाही फुकट वापरता येतं. कुणीतरी बसून एकेक अक्षर काढलंय हे मुलांना सांगितलं की त्यांना फार आश्चर्य वाटतं. गावात फिरताना दुकानांच्या पाट्या बघत चला. जुन्या वर्तमानपत्रात नाटकाची जाहिरात सापडली तर कमल शेडगे यांनी काढलेली नाटकांची नावं दाखवा. नाव वाचायच्या आधीच नाटक हसवणारं आहे की गंभीर, हे अक्षरावरून ओळखायला सांगा.

आणि वारली चित्रं. माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, डोकं म्हणजे गोल. पडद्यावर फक्त गोल, त्रिकोण आणि रेघ एवढंच वापरून गावची जत्रा काढ, असं तिला सांगा. टक्स पेंट नावाचा लहान मुलांचा मोफत प्रोग्राम आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. ती मोठी झाली की इंकस्केप, तेही मोफत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात इंकस्केपचे धडे मराठी निवेदनासह आहेत. ते आधी तुम्हीच बघा. ब्लाउजच्या गळ्याचे नमुने त्यात काढून गिऱ्हाइकांना दाखवता येतील, तुमच्याही कामाचं आहे.

कोडिंगकडे त्यानंतर वळा. मी शिकवायला लागले तेव्हा शाळेत लोगो होतं. सेमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी केलेली ती भाषा. पडद्यावर एक कासव, त्याला सांगायचं ५० पावलं पुढे जा, ९० अंशांत उजवीकडे वळ, आणि ते मागे रेघ सोडत जातं. आमच्या संगणक खोलीबाहेर चपलांची रांग असायची, आत एकेका कॉम्प्युटरमागे चार-चार मुलं. पाळी येईपर्यंत त्यांना नुसतं बसवणं जिवावर यायचं, म्हणून मी त्यांना पटांगणात नेऊन खडूने आखलेल्या चौकोनावर चालवायचे. "तूच कासव. चार पावलं, वळ. चार पावलं, वळ." मुलं चालून आली की कॉम्प्युटरवर त्यांचा चौकोन कधी चुकत नसे. तुमच्या अंगणात हे करून बघा.

आजच्या स्क्रॅचमध्ये कासवाच्या जागी मांजर आहे आणि आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. खाली डाव्या कोपऱ्यातल्या बटणातून पेन, म्हणजे मांजरामागे रेघ काढणारे ठोकळे, जोडायचा. मग "१०० पावलं पुढे, ९० अंशांत वळ" हे चार वेळा: चौकोन झाला. आता तो अख्खा चौकोन ४५ अंश वळत वळत आठ वेळा: आठ पाकळ्यांची रांगोळी तयार. ४५ च्या जागी ४० केलं तर रांगोळीत फट राहते, आठऐवजी नऊ वेळा केलं की ती मिटते. का मिटते हे सांगू नका. तिला आकडे बदलत राहू द्या. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या घरातल्या मुलीला हे लवकर उमगतं, कारण एक पाकळी नीट जमली की तीच फिरवत न्यायची, हे तिच्या बोटांना माहीत असतं. हे आलं की बाबांचा तिकिटाचा कागद काढा. आता मांजर कंडक्टर होईल.

इंग्रजीची भीती नको. ठोकळ्यांवरचे नेहमी लागणारे शब्द पंचवीस-तीसच्या वर नाहीत: पुढे जा, वळ, थांब, पुन्हा कर, जर, नाहीतर. एका पुठ्ठ्यावर इंग्रजी शब्द, शेजारी मराठी अर्थ आणि त्याच रंगाचा ठिपका, असा तक्ता तिच्याकडूनच करवून घ्या. तोही डिझाइनचाच धडा आहे. स्क्रॅच फार जड वाटलं तर ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठीचं स्क्रॅच ज्युनिअर आहे, त्यातल्या ठोकळ्यांवर शब्दच नाहीत, चित्रं आहेत. ते टॅबवर चालतं.

लॅपटॉप आत्ता घेऊ नका. दोन-तीन महिने कागद, अंगण आणि बाबांचा मोबाइल एवढ्यावर काढा. तोवर शाळेत संगणक आहे का, तो झाकून ठेवलाय का, हे मुख्याध्यापकांना विचारा. तुम्ही विचारलंत तर कदाचित बाकीच्या मुलांचंही भलं होईल. तालुक्याला एमएस-सीआयटीचं केंद्र असतंच, रविवारी सकाळी यंत्रं रिकामी असतात, थोड्या पैशांत तासभर बसू देतील का ते बघा. तिची गोडी टिकली तर मग ओळखीच्या दुकानातून जुना लॅपटॉप बघा. नवा, महागडा लागत नाही. बॅटरी आणि कीबोर्डच्या सगळ्या कळा तपासून घ्या. स्क्रॅच डाउनलोड करून ठेवलं की इंटरनेटशिवायही चालतं आणि खातंही उघडावं लागत नाही. कधी उघडलंत तर तुमच्या ईमेलवर, आणि तिचं खरं नाव, शाळा, फोटो न घालता.

यजमानांचं मोबाइलबद्दलचं म्हणणं मात्र तंतोतंत खरं आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला ५ ते १० वयाच्या मुलांसाठी दिवसाला एकूण २ तासांपेक्षा कमी पडदा असा आहे, आणि त्यात टीव्ही, मोबाइल, कोडिंग सगळं आलं. "ती शिकतेय" म्हणून डोळ्यांना सूट मिळत नाही. माझं ऐकाल तर घडवण्याचं काम आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. रील बघण्याच्या वेळेतून तो वेळ काढायचा, खेळण्याच्या किंवा झोपेच्या वेळेतून नाही. आणि पडदा तुमच्या मशीनच्या खोलीत, जिथे तुम्ही मान वर केली की दिसेल. शेजारची मैत्रीण येत असेल तर दोघींना मिळून एकच पडदा द्या. एकीने सांगायचं, दुसरीने करायचं, मग अदलाबदल. भांडणं होतील, पण भांडताना दोघींना बोलून सांगावं लागतं आणि त्यातच गोष्ट पक्की होते. पुण्याच्या भावालाही सुट्टीत यात घ्या.

एआयबद्दल त्यांना सांगा की साधी वाक्यं लिहून आज प्रोग्राम मिळतो, हे खरं आहे. तो तिकिटाचा प्रोग्रामही मिळेल. पण ७६ वर्षांच्या आजीला अर्धं तिकीट लागलं तर ते चुकलंय हे कुणाच्या लक्षात येणार? ज्याने नियम एकदा स्वतःच्या बोटाने वरून खाली तपासलेत त्याच्या. मला नेमकं काय हवंय हे न गोंधळता सांगता येणं, आणि समोर आलेलं बरोबर आहे का हे ओळखता येणं, या दोन गोष्टी तिला पुढे कुठल्याही कामात लागतील. ती पुढे इंजिनिअर होईल, चित्रकार होईल की आणखी काही, ते आत्ता ठरवायची कुणालाच गरज नाही. आणि अशा साधनांपैकी बऱ्याच साधनांच्या अटींत किमान वय १३ दिलेलं असतं, तेव्हा ८ व्या वर्षी तिला त्यांच्यासमोर एकटीला बसवू नका.

चार-सहा महिन्यांनी तिला यातलं काहीच नको वाटलं, ती पुन्हा रंगपेटीकडे किंवा लंगडी-लगोरीकडे वळली, तर वळू द्या. टोकू नका.

रविवारी फोन आला की यजमानांनाच उचलू द्या. "सध्या नको, लागलं तर आम्ही फोन करू" एवढं म्हणायचं आणि ठेवायचा, कारणं द्यायची नाहीत, नाहीतर प्रत्येक कारणाचं उत्तर त्यांच्याकडे लिहून ठेवलेलं असतं. त्याच दुपारी पेपर, कात्री आणि टेप काढा. मोठी बाहुली घरी नसेल तर शेजारून आणा. आणि दरपत्रक भिंतीवर लागलं की त्याचा एक फोटो मला नक्की पाठवा, पहिल्या खेपेचाही, चांदण्या असलेला.

तुमची,
ताई